इक्वेडोरच्या बागेतला माणूस

असोद्याचे सुपडूभाऊ चाळीस वर्षं केळी कापताहेत. घड कापायचा, खांद्यावर घ्यायचा, बांधावर उभ्या ट्रकपर्यंत वाहून न्यायचा. डाव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली आहे. सिनेमा त्यांनी एकदाच पाहिला होता, लग्नाआधी, जत्रेच्या तंबूत. तोही अर्धाच, कारण वाऱ्याने पडदा फाटला.

त्यांची मुलगी मोनाली जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळते. यंदा शहरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा तिने रविवारचे दोन पास काढले.

"मले काय समजनार त्याच्यात?" सुपडूभाऊ म्हणाले.

"तिथं कुणालाच सगळं समजत नाही, आबा. चला तर खरं."

पहिला सिनेमा बर्फाच्या देशातला होता. एक म्हातारी कितीतरी वेळ नुसती पीठ मळत होती आणि खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. सभागृहात तीनशे माणसं, पण ना शिट्टी, ना खाकरणं. सुपडूभाऊ श्वाससुद्धा हळू घेऊ लागले.

"एवढं पडतं अन् आवाज नाही," ते मोनालीच्या कानाशी म्हणाले.

दुसरा सिनेमा सुरू झाला आणि ते खुर्चीत पुढे सरकले. पडद्यावर केळीची बाग होती. इक्वेडोर नावाच्या देशातली, मोनालीने सांगितलं. एकाने कोयत्याने खोडाला चीर दिली, घड हळूहळू वाकला, खाली दुसरा माणूस खांदा देऊन उभा राहिला. घड टेकायच्या क्षणी सुपडूभाऊंचा डावा खांदा आपोआप खाली झुकला. त्या माणसाने घड एका लोखंडी तारेला अडकवला. तारेवर वीस-पंचवीस घड एकामागे एक टांगलेले, आणि एकटा माणूस ती सगळी माळ ओढत झाडांमधून चालला.

"पाह्य, पाह्य!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पुढच्या रांगेतल्या दोघी मागे वळल्या.

सिनेमा संपल्यावर दिग्दर्शिका मंचावर आली. उंच, पिकल्या केसांची बाई. लोक इंग्रजीत प्रश्न विचारू लागले. सुपडूभाऊंनी हात वर केला. मोनाली तो खाली ओढणार, तोच माईक त्यांच्यापर्यंत येऊन पोचला.

"त्या मानसाच्या सदऱ्यावरचे काळे डाग," ते म्हणाले, "ते केळीच्या चिकाचे आहेत का रंगाचे?"

सूत्रसंचालकाने प्रश्न इंग्रजीत सांगितला. बाईंनी उत्तर दिलं. चिकाचे. तो नट नव्हताच. तीस वर्षं केळी कापणारा मजूर, त्याचाच सदरा. मग त्यांनीच उलट विचारलं, हे ओळखलं कसं?

सुपडूभाऊंनी अंगातल्या स्वच्छ सदऱ्याची बाही पुढे केली. इस्त्री होती, पण कोपरापाशी जुने काळपट डाग तसेच होते. "कितीही धुवा, चीक निघत नाही. तिकडंबी निघत नाही म्हना की!"

सभागृहात टाळ्या वाजल्या. बाई मंचावरून उतरून आल्या. सुपडूभाऊंच्या खांद्याकडे बोट दाखवून, हात लावू का, असं खुणेने विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि बाईंनी त्या गाठीवर हलकेच हात ठेवला.

"मार्सेलो, सेम," त्या म्हणाल्या, आणि आपल्याच डाव्या खांद्यावर मूठ ठेवून दाखवली. मार्सेलो म्हणजे पडद्यावरचा माणूस. त्यांनी रेकॉर्डिंग सुरू करून मोबाइल पुढे धरला. त्याला काही सांगायचंय का, हा त्यांचा प्रश्न मोनालीने मराठीत सांगितला.

सुपडूभाऊंनी टोपी नीट केली.

"राम राम, भाऊ," ते म्हणाले. "तुमची बाग पाह्यली. लई चांगली ठेवली."

बाहेर चहा घेताना मोनालीने विचारलं, "दमलात का? घरी जायचं?"

"अजून एक आहे ना?"

तिसरा सिनेमा समुद्रावरच्या कोळ्यांचा होता. कथा त्यांना फारशी कळली नाही. समुद्र कधी न पाहिलेले ते नुसते पाणी बघत होते.

संध्याकाळी घरी पोचल्यावर बायकोने, धुरपदाबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला. "कसा व्हता सिनेमा?"

तांब्या हातात धरून ते ओट्यावर बसले.

"समुद्राले पल्याडचा काठच दिसत नाही वं," ते म्हणाले.