नकाशात नसलेलं टेबल

आमच्या आळीचं वाचनालय नव्यानं कसं बांधायचं, हे ठरवायला काल मंडळी तिथंच जमली. शिंद्यांच्या सूनबाईंनी नकाशाचे कागद पेपर वाचायच्या लांब टेबलावर मांडले. जो तो एकेक कागद बघून शेजाऱ्याकडं सरकवू लागला, आणि मला जुने दिवस आठवले.

याच टेबलावर आम्ही एकच पेपर पानं सुटी करून वाचायचो. माझी शाळा चौथीत सुटली, पण अग्रलेखसुद्धा सोडायचो नाही, ओळीखाली बोट धरून वाचायचो. माझ्या पानासाठी खोळंबलेला दत्तू म्हणायचा, "अरे, उद्याचा पेपर यायच्या आत सोड की!" पण हातातून पान कधी ओढलं नाही. अशा थांबणाऱ्या माणसांमुळं मी वाचता राहिलो.

"सूनबाई, यात हे टेबल कुठंय?"

"ते काढायचंय, आजोबा. पेपर आता मोबाईलवरच वाचतात ना सगळे."

मोबाईलवर कुणी कुणासाठी खोळंबत नाही.

शेवटचा, संमतीचा कागद माझ्याकडं आला. मी चष्मा लावला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"आजोबा, सही तेवढी करा."

"माझं पान वाचून व्हायचंय."

सगळे थांबले, त्याच टेबलाला टेकून.