कलबाच्या चिखलात आई

"शुक्रवारी स्टॉकटेकिंग आहे. मला जमणार नाही," बाबा म्हणाले, आणि माझी कलबाची ट्रिप तिथेच खलास झाली असं मी धरून चालले.

गोष्ट २००० सालच्या आसपासची. आम्ही शारजात, रोला भागात राहायचो. बाबा हमरिया फ्री झोनमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत होते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. विषय अकाउंट्सचा, पण सायन्सचा एक कोर्स सक्तीचा होता. इकॉलॉजी सोपं असतं असं मैत्रिणींनी सांगितलं म्हणून ते घेतलं. शिकवायला डॉ. सलमा होत्या. सुदानच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. पार पूर्व किनाऱ्यावर, कलबाच्या खारफुटीत फिल्डवर्क करायचं, त्याला मार्क होते आणि शुक्रवारी सुट्टी म्हणून कॉलेजची बस नसायची. ज्यानं त्यानं आपल्या गाडीनं पोचायचं.

"मी नेते तिला," आई म्हणाली.

आम्ही दोघंही तिच्याकडे बघतच राहिलो. कितीतरी वेळा नापास होऊन आईला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. सुपरमार्केटच्या पुढे तिनं कधी गाडी नेली नव्हती.

"अगं, मसाफीचा घाट आहे. ट्रक असतात," बाबा म्हणाले.

"घाट मला नका शिकवू. लहानपणापासून कसारा बघितलाय मी."

"बसमधून बघितलायस."

"बघितलाय ना?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या हिवाळ्यात आईनं नाशिकला कायमचं परत जायचं ठरवलं होतं. भांडण झालं नव्हतं. "मुलगी मोठी झाली, तुम्ही दिवसभर ऑफिसात. मी इथे भिंतींशी काय बोलू?" एवढंच ती म्हणाली होती. माझी परीक्षा झाली की तिचा व्हिसा कॅन्सल करायचा, असं ठरलं होतं. त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे. सगळे एकमेकांशी जरा जास्तच नीट वागत होतो.

शुक्रवारी उजाडताच निघालो. तेव्हा धैद, मसाफी, फुजैरा करत जावं लागे. आता मलिहावरून बोगद्यांचा छान रस्ता झालाय, वेळ निम्मा लागतो. पण पहिल्यांदा जात असाल तर जुन्या रस्त्यानेच जा. धैदच्या आधी वाळू लालसर होत जाते, कडेला उंट दिसतात, आणि मग अचानक समोर काळे, बोडके डोंगर उभे राहतात. एक झाड नाही त्यांच्यावर. आईचं मात्र लक्ष फक्त पुढच्या दगड वाहणाऱ्या ट्रककडे होतं.

"ओव्हरटेक करू का गं?"

"यू आर द ड्रायव्हर," मी म्हटलं. त्या वयात मी तिला इंग्रजीतच उत्तरं द्यायचे.

तिनं ओव्हरटेक केलं नाही. मसाफीपर्यंत आम्ही त्याच ट्रकच्या मागे राहिलो. मसाफीच्या बाजारात गालिचे, कुंड्या, फळं असं सगळं रस्त्याच्या कडेलाच मांडलेलं असतं. तिथे थांबून भाजलेली कणसं घेतली. "पाच दिरहॅम? म्हणजे साठ रुपये!" आई मोठ्यानं म्हणाली, पण खाल्ली चवीनं. जाणाऱ्यांनी पोटापाण्याचं इथेच उरकून घ्यावं, कारण शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी पुढे सगळं बंद असतं.

कलबाला पोचलो तेव्हा ओहोटी होती. मी डोळ्यांसमोर जंगल आणलं होतं. दिसली ती खाडी, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची राखट हिरवी झाडं, आणि चिखलातून वर आलेली बोटभर लांबीची हजारो मुळं. पेन्सिली उलट्या रोवल्यासारखी. वासही येत होता, जरा नासलेल्या अंड्यासारखा. आई गाडीतच बसणार होती. दिवाळी अंक आणला होता तिनं.

डॉ. सलमा गमबूट घालून गाडीच्या काचेपाशी आल्या. "यू केम ऑल द वे फ्रॉम शारजा टु सिट इन अ कार? यल्ला, कम!"

आईचं इंग्रजी बेताचं, पण एवढं कळलं. अंक मिटून ती उतरली.

आधी डॉ. सलमांनी सगळ्यांना झाडाचं पान चाटायला लावलं. खारट! झाड समुद्राचं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानावाटे टाकून देतं, असं त्यांनी सांगितलं. आईनं दुसरं पान घेऊन पुन्हा चाटलं. "आणि ही मुळं वर का?" तिनं मला विचारलं. "चिखलात हवा नसते म्हणून. आस्क हर," मी म्हटलं. आणि तिनं खरंच विचारलं. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. डॉ. सलमांना हिंदी सिनेमे बघून थोडं हिंदी यायचं. दोघींचं जमलं.

आमचं काम होतं प्लास्टिकच्या पाइपची चौकट चिखलावर ठेवायची आणि आतले खेकडे, शंख मोजायचे. माझी पार्टनर हुदा वहाणा घालून आली होती, त्यामुळे ती कडेला उभी राहून लिहीत होती. मी जरा पुढची जागा बघून पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत खाली गेले. दुसरा पाय टाकला, तोही गेला. ओढून बघितलं तर आणखी खोल. एव्हाना भरती लागली होती. झाडांमधून पाण्याची पातळ जीभ माझ्याकडे येताना दिसत होती.

मी ओरडले. इंग्रजीत नाही. "आई!"

डॉ. सलमा लांबच्या गटाजवळ होत्या. "डोन्ट पुल! लीन फॉरवर्ड!" असं ओरडत त्या यायला निघाल्या. आई जवळ होती. तिनं चपला भिरकावल्या, पंजाबी ड्रेससकट गुडघ्यांवर बसली आणि रांगत रांगत माझ्यापर्यंत आली.

"हलू नकोस. माझ्या खांद्यावर भार दे."

तिनं दोन्ही हातांनी माझ्या पायाभोवतीचा चिखल उपसायला सुरुवात केली. पाणी तिच्या कोपरांना लागलं. मी रडत होते. "रडून घे, पण हलू नको," ती म्हणाली. एक पाय मोठ्ठा आवाज करून सुटला. दुसरा सुटला तेव्हा बूट आतच राहिला आणि मी तिच्या अंगावर पडले. दोघी चिखलात आडव्या.

आणि आई हसायला लागली. नाकातोंडावर चिखल, डोळ्यांतून पाणी, हसू थांबेना. मी तिला तसं हसताना कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. डॉ. सलमा धापा टाकत पोचल्या, आम्हाला बघून त्याही हसत सुटल्या.

मग त्यांच्या पाण्याच्या कॅनने हातपाय धुऊन आम्ही उन्हात वाळत बसलो. डॉ. सलमांनी गळ्यातली दुर्बीण काढून आईच्या हातात दिली आणि एका फांदीकडे बोट दाखवलं. निळे पंख, पांढरी स्वच्छ मान.

"अगं, हा तर खंड्या! पण आपल्याकडचा नाही हा. वेगळाच आहे."

हा पक्षी या देशात जवळजवळ फक्त याच खाडीत दिसतो, असं डॉ. सलमांनी सांगितलं. आईनं दुर्बीण बराच वेळ खाली घेतली नाही. मी घरी जाऊया म्हटलं, तर हातानंच थांब म्हणाली.

परतताना मसाफीच्या चढावर तिनं ट्रक मागे टाकला. विचारलं नाही. मग शारजाचे दिवे दिसायला लागल्यावर म्हणाली, "तुझ्या बाईंकडून भरती-ओहोटीचं टाइमटेबल आणशील?"

"कशाला?"

"पुढच्या शुक्रवारी."

बाबांनी दार उघडलं, आमचे अवतार बघितले आणि गीझर लावला.

त्यानंतर आई दर दोन-तीन शुक्रवारी कलबाला जायची. कधी डॉ. सलमांबरोबर, कधी एकटी. जूनमध्ये ती नाशिकला गेली, पण सुट्टीपुरती. व्हिसाचा विषय कुणी काढला नाही. ऑगस्टमध्ये बाबा तिला आणायला एअरपोर्टवर चक्क तासभर आधी जाऊन उभे होते. कोर्स माझा होता, शिकली आई. मला बी ग्रेड मिळाली आणि मी मुकाट अकाउंट्सकडे वळले.

आता ते दोघं नाशिकला असतात, मी दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरी करते. मागच्या महिन्यात लेकाला कलबाला नेलं. झाडं वाढली आहेत, सगळं राखीव झालंय. जायच्या आधी प्रवेशाचे नियम आणि भरतीची वेळ नक्की बघा, आणि ठरवून दिलेली वाट सोडू नका. लेकानं पान चाटलं, "इट्स सॉल्टी!" म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये गेला. असू दे. मीही त्या वयात फार वेगळी नव्हते.

बाकीच्यांच्या आया फोनवर जेवलीस का विचारतात. माझी विचारते, "आज काय दिसलं?" ती नाशिकजवळच्या पाणवठ्यांवर फिरते, तिच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. माझ्याकडे टॉवर आणि काचा. कधी एसीच्या डब्यावर बसलेली साळुंकी, कधी तळ्यावर एकच बगळा. पण काहीच दिसलं नाही असं तिला सांगवत नाही. म्हणून रोज संध्याकाळी फोन लावण्याआधी मी खिडकीपाशी जाऊन थोडा वेळ उभी राहते.