रिकाम्या किटलीचा फेरफटका

डॉक्टरांनी संघप्रियाला गोळी लिहून दिलीच नाही. काट्यावरचा एक्क्याण्णवचा आकडा बघितला आणि म्हणाले, "रोज तासभर चालायचं. झोपही लागेल."

झोप लागत नव्हती हे खरं. नवरा नागसेन कागलहून दुसरी पाळी संपवून रात्री येताना एसटीत डुलकी लागून भलतीकडं तर उतरला नसेल, गॅस बंद केला का, लेक प्रीतीचं दहावीत कसं होणार, अशी एकेक काळजी कडेवर घेऊन ती रात्र काढायची.

पण चालायचं म्हणजे राजारामपुरीच्या गल्लीतून, सगळ्यांदेखत. 'वजन उतरवायला निघाली' असं कुणी म्हटलं तर? लग्नात फोटो काढताना ती खांबाआड उभी राहायची, आणि खांब पुरायचा नाही.

म्हणून २००३ च्या दिवाळीनंतर तिनं युक्ती काढली. संध्याकाळी पाचला दुधाची किटली घेऊन निघायचं. दुधाला निघालेल्या बाईकडं कोण बघतंय? विद्यापीठाच्या आवारात झाडांखालून दोन फेऱ्या मारायच्या आणि रिकामी किटली पदराखाली झाकून परत.

तीन महिन्यांत वजन दोन किलो उतरलं. डॉक्टर हिरमुसले. संघप्रियाला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या फेरीला काळज्या मागं पडायच्या. त्यांना तिच्याइतकं चालणं जमत नसावं. रात्री दहाला डोळा लागायचा. प्रीतीला गणितात अडतीस पडले तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली, तर घाबरून प्रीती आपण होऊन अभ्यासाला बसली.

अशात शेजारच्या आक्कांनी तिला दारात गाठलं. "दुधाला चाललीस न्हवं? येताना कोथमीर आण की."

नाही कसं म्हणायचं? दुधाला निघालेल्या बाईला कोथिंबीर जड होत नाही. दुसऱ्या दिवशी आक्कांची चप्पल शिवून आणायची होती. मग समोरच्या हंबीररावांचं दळण. गिरणीत नंबर लावून ती बाकावर बसायची, तिथं काळज्याही शेजारी येऊन बसायच्या. विद्यापीठ राहूनच जाऊ लागलं. आठवड्यात झोप उडाली आणि प्रीतीच्या दप्तराची झडती पुन्हा सुरू झाली.

"आई, तू आपली चालायला जात जा," प्रीती म्हणाली. "मला हे झेपत नाही."

त्या संध्याकाळी आक्का डबा घेऊनच उभ्या होत्या. "राशनला रॉकेल आलंय. रांग हाय, पर तू भाईरच चाललीस."

रॉकेलची रांग म्हणजे दोन तास.

"आक्का, मी दुधाला जात नाही. चालायला जाते. वजन आहे म्हणून. नाही गेले तर रात्री झोप येत नाही मला."

"ते म्हाईत हाय की."

"कुणाला?"

"गल्लीला. केरबा दोन्ही टायमाला तुझ्या दारात दूध घालून जातोय. आमी काय आंधळं हाय व्हय? म्हटलं, पोरगी लाजतीया, भाईर पडायला कारण पायजे तिला. म्हणून एकेक काम देत हुतो. हंबीररावानं तर घरात पीठ असून दळण दिलं."

"आणि माझं चालणं बुडलं ते?"

"आता ते आमाला कसं कळणार? रोज हसत घेत हुतीस." आक्कांनी डबा खाली ठेवला. "मग जा की. हितं काय उभारलीस?"

संघप्रियानं किटली आक्कांच्याच हातात दिली आणि निघाली. पहिली शंभर पावलं हातांचं काय करावं ते कळेना. पदर धरला, सोडला, घड्याळ चाचपलं. कोपऱ्यावर हंबीरराव भेटले.

"काय वहिनी, कुठं निघालाय?"

"कुठं नाही. चालायला," ती म्हणाली आणि थांबली नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर एक काळजी आलीच: आक्कांना रॉकेल मिळालं असेल का? उद्या विचारू, असं म्हणेपर्यंत ती घोरायला लागली होती.