बत्ताशाला लागलेला गूळ

शेषरावांच्या घरून उपाशी परतलेला माणूस दाखवा आणि त्यांची बैलजोडी सोडून न्या, असं मोझरीपासून तिवशापर्यंत बोललं जायचं. माणसांचं सोडा, त्यांच्या अंगणातली कुत्रीसुद्धा खाऊन खाऊन इतकी सुस्तावली होती की चोर आला तरी उठायचा त्यांना कंटाळा. माया करायची शेषरावांना एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे वाढणं. फक्त त्या वाढण्यात एक खोट होती. जो ओरडेल त्याच्या पानात आधी पडायचं. रडणारं पोर, हंबरणारी गाय, रुसून बसलेला पाहुणा, यांची चंगळ. त्यांची बायको गोदाबाई कधी ओरडली नाही. ती सगळ्यांच्या मागून जेवायची आणि शेषरावांना वाटायचं, हिला भूकच कमी.

पुढे तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. हातात पैसा खुळखुळायला लागल्यावर माणसं काय काय करतात! कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या, कोणी हौसेनं दुसरं लग्न केलं. शेषरावांनी घोडा घेतला. त्याच साली त्यांची एकुलती एक लेक जमुना सासरी गेली होती, घर खायला उठत होतं आणि त्यांच्या हातांना भरवायला कोणी उरलं नव्हतं. घोडा परतवाड्याच्या बाजारातला, पांढराशुभ्र, कोवळा. नाव ठेवलं बत्तासा.

आता सारा जन्म बैलांमागे गेलेल्या माणसाला घोड्याचं काय कळणार? कापसातून निघालेली सरकी भिजवून बैलांना घालायची, म्हणजे बैल औताला दमत नाही, ही आपल्याकडची रीत. शेषरावांनी बत्ताशालाही सरकीच घातली. वर हरभरे, वर ज्वारी, वर तुपाचा गोळा. काम मात्र काडीचं नाही. पाहुण्याला कोणी कामाला लावतं का? आषाढात बत्तासा तुकतुकीत दिसायला लागला आणि श्रावणात माजला. त्यानं गव्हाण फोडली, नत्थुजी गड्याचा खांदा चावला आणि एका सकाळी शेषरावांना पाठीवरून उडवून थेट कापसाच्या पऱ्हाटीत फेकलं.

शेषराव उठले, धोतर झटकलं आणि कमरेच्या चंचीतून गुळाचा खडा काढून घोड्यासमोर धरला.

"रागावला का रे बाप्पा? चुकलं माहं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले, पुन्हा गूळ दिला. मग ते रोजचंच झालं. गाव बांधावर बसून तमाशा पाहायचं आणि शेषराव पडले की टाळ्या पिटायचं.

एका संध्याकाळी त्यांच्या सुजलेल्या कोपराला हळद लावता लावता गोदाबाई हळूच म्हणाली, "अजी, मी कई काई मांगतलं नाई. पन कौंडण्यपूरच्या जत्रेले तुमी या घोड्यावर बसून जा अन् बसूनच वापस या. नाई जमलं तं त्याले इकून टाका. तुमचं हाड मोडलं तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

त्या रात्री शेषरावांना घास उतरला नाही. जमुना गेली, आता हाही जाणार. सकाळी उठून त्यांनी हुसेनला बोलावणं धाडलं.

हुसेन म्हणजे परतवाड्याच्या छावणीत रिसाल्याचे घोडे फिरवून म्हातारा झालेला माणूस. तो बांधावर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बसा पाहू एकडाव घोड्यावर." शेषराव बसले, पडले, उठले आणि त्यांनी गूळ दिला. हुसेन पोट धरून हसायला लागला.

"शेषरावजी, घोडा बिघडला नाई. घोडा तुमची नौकरी करून राहिला! मालकाले पाडलं का गूळ भेटते, हे त्याले पक्कं समजलं हाये. मोठं इमानदार जनावर हाये हे!"

मग त्यानं तिथेच मुक्काम ठोकला आणि फर्मान सोडलं. सरकी बंद, ती बैलांनाच मानवते. हरभरा मूठभर, बाकी गवत आणि कडबा. सकाळ-संध्याकाळ घाम फुटेपर्यंत फिरवायचं. गूळ द्यायचा, पण तो गुमान उभा राहील तेव्हाच.

"अन् त्यानं धिंगाना केला अन् तुमचा हात चंचीकडे गेलाच, तं थो खडा सोताच्या तोंडात टाका."

उपाय सोपा होता, पण शेषरावांच्या जिवावर आला. बत्तासा गव्हाणीशी पाय आपटायचा आणि हे पाठ फिरवून डोळे पुसत बसायचे. एकदा सरकीचं टोपलं पदराआड लपवावं तसं उपरण्याखाली धरून मागच्या दारानं निघाले, तर दारात हुसेन विडी ओढत बसलेला. टोपलं मुकाट्यानं बैलांकडे गेलं. त्या भाद्रपदात शेषरावांनी जन्मात खाल्ला नव्हता तेवढा गूळ खाल्ला. पण हळूहळू घोड्याच्या अंगातला माज घामावाटे उतरला आणि पाय आपटणंही कमी झालं.

कार्तिकात जत्रेला निघाले. पुढे बत्ताशावर शेषराव, मागे नत्थुजी हाकत असलेल्या बैलांच्या दमणीत गोदाबाई. वर्धेच्या काठापर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथे अचानक बाजूलाच ढोल कडाडले आणि बत्तासा पुढचे पाय उचलून उभा राहिला. बायाबापड्या किंचाळत पांगल्या. शेषरावांचा हात सवयीनं चंचीत गेला, खडा बाहेर आला आणि बत्ताशानं तशातही मान वळवून पाहिलं. शेषरावांनी खडा आपल्या तोंडात टाकला आणि कडकडा चावला.

बत्ताशानं पाय खाली टेकले. एकदा आपटून पाहिलं. काही मिळेना. मग तो कान हलवत उभा राहिला आणि ढोलवाले त्याच्या शेपटीला लागून निघून गेले तरी हलला नाही. तेव्हा कुठे शेषराव आपण होऊन खाली उतरले, त्याला गूळ भरवला आणि भर जत्रेत त्याच्या मानेला मिठी मारून रडले.

परत येतानाही ते बसूनच आले. अंगणात उतरताच छाती फुगवून म्हणाले, "पाह्यलं? गुमान उभा राह्यला, तवा भेटला त्याले गूळ!"

गोदाबाई दमणीतून उतरली आणि हसत हसत तिनं हात पुढे केला.

"मंग मले बी द्या थोडा. लगन झालं तवापासून मी बी गुमानच उभी हावो."

शेषराव हसायला गेले आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी आधी तिचं पान मांडलं आणि स्वतः वाढायला बसले. ती चवथी भाकर मोडायला लागली, तेव्हा त्यांना कळलं की हिची भूक कधी कमी नव्हतीच.