लिस्बनला निघालेली चाळीस माणसं

मला आधी एक सांगा. कधी न बघितलेल्या, परदेशातल्या खानावळवालीवर विश्वास ठेवावा, की तीस वर्षं गल्ल्यावर बसून कमावलेल्या स्वतःच्या हुशारीवर? तुम्ही म्हणाल, हुशारीवर. मीही तेच म्हणालो होतो. म्हणूनच तर आज चहा सांगून तुम्हाला बसवून घेतलंय. मी जी माती खाल्ली, ती उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही!

वसईत माणिकपूरला माझं भांड्यांचं दुकान. शाळा आठवीत सुटली, पुढचं शिक्षण घाऊक बाजारात. तिथला पहिला धडा काय? रेट काढताना माल मोठा सांगायचा. डबे दहा डझन हवेत ना? मग तोंडाने शंभर डझन बोला. रेट खाली आला की डोकं खाजवत म्हणा, "शेठ, सध्या दहाच द्या, बाकीचे दिवाळीनंतर." ती दिवाळी कधीच उगवणार नाही, हे शेठलाही ठाऊक असतं. तोही रेट सांगतानाच खाली उतरायला जागा ठेवून सांगतो. कोणी कोणाला फसवत नाही. दोघं चहा पितो, विषय संपला.

आता आमची शालन. लग्नानंतर तिला पहिल्यांदा फिरायला नेलं ते चिंचोटीच्या धबधब्याला. टेम्पोतून! सोबत घरची तेरा माणसं आणि वांग्याच्या भाजीचं पातेलं. पुढे महाबळेश्वर झालं, गोवा झालं. टेम्पोची बस झाली, पातेलं मोठं झालं, आणि प्रत्येक ठिकाणी शालन कंबरेला पदर खोचून पानं वाढत राहिली.

यंदा तिने फोनवर लिस्बनचे व्हिडिओ बघितले. चढावरून कुरकुरत जाणारी पिवळी ट्राम, निळ्या फरश्या लावलेली घरं, निखाऱ्यावर भाजलेले तारली मासे. मला म्हणाली, "अहो, ज्या पोर्तुगीजांनी आपल्या वसईत येऊन किल्ला बांधला, त्यांच्याकडे एकदा आपण जेवून येऊ. चारच दिवस. पण दोघंच हं. मी बसणार आणि दुसरं कोणीतरी वाढणार. दोघंच!"

दोनदा म्हणाली. ऐकलंत ना? मीही ऐकलं होतं.

तिने सहलीची वही केली. कुठल्या दिवशी ट्राम, कुठल्या दिवशी नदीकाठ, सगळं वळणदार अक्षरात. बघण्याचं काम तिच्याकडे, खाण्याचं माझ्याकडे. मी शोधून शोधून चढावरच्या गल्लीतली एक छोटी खानावळ काढली. मालकीण रोझाबाई, स्वयंपाकाला तिची म्हातारी आई. मी मराठीत लिहायचो, फोन त्याचं पोर्तुगीज करायचा. तिचं उत्तर यायचं, फोन त्याचं मराठी करायचा. काय सोय आहे बघा! आठवी नापासाला पोर्तुगीज येत होतं!

बाईने दोघांच्या जेवणाचा रेट कळवला. सरळ. एक पैसा इकडेतिकडे नाही. आता तुम्हीच सांगा, सांगितलेला रेट निमूट मान्य केला तर तीस वर्षं मी बाजारात काय गोट्या खेळलो?

मी लिहिलं, "बाई, आम्ही चाळीस जण येतोय. आता बोला."

बाई बोलली! रेट खाली आला. मी खूश. त्या दिवशी तिथे गेल्यावर काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं. सांगणार होतो, "अडतीस जणांना व्हिसा मिळाला नाही हो." त्यापुढे चहा नाहीतर कॉफी, विषय संपला.

पण घाऊक बाजारातला शेठ कधी विचारत नाही की तुमच्या शंभर डझन डब्यांना कशाची पथ्यं आहेत. रोझाबाईने विचारलं! मासे न खाणारे किती? कोणाला डायबेटीस?

आता खोट्या माणसांना खरी पथ्यं कुठून आणायची? मी आपले नातेवाईक डोळ्यांपुढे आणले. शनिवार पाळणारे सात. डायबेटीसवाले पाच. तिखटाशिवाय घास न उतरणारे चौदा. आणि लिहिण्याच्या भरात आणखी एक टाकला, "दात नसलेले एक आजोबा." खरं सांगतो, मजा येत होती!

पुढच्या आठवड्यात मी एका गिऱ्हाईकाला कुकर दाखवत होतो. फोन गल्ल्यावर. आमच्या चांदीप गावाहून माझा थोरला भाऊ, आमचा दादा, शेतातली वांगी घेऊन आला होता. फोन वाजला, दादाने बघितला. रोझाबाईने फोटो पाठवला होता. खानावळीच्या दारावर कागदी माळा आणि मोठी पाटी. खाली फोनने मराठी करून ठेवलेलं: "वसईच्या चाळीस मित्रांनो, या! त्या संध्याकाळी खानावळ फक्त तुमची. दात नसलेल्या आजोबांसाठी आई मऊ खीर करणार आहे."

दादाने ते दोनदा वाचलं. मग बोळकं उघडून म्हणाला, "अरे, हे आजोबा म्हनजे मीच ना?"

मी कुकर हातात धरून उभा.

"चालीस मानसं नेतोस आनि बोलला पन नाय? तुला खांद्यावर बसवून शालेत न्यायचो, ते ध्यानात ठेवलंस रे!" त्याच्या डोळ्यांत पाणी.

अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? मी म्हणालो, "बघू."

आमच्या धंद्यात "बघू" म्हणजे नाही. चांदीपमध्ये "बघू" म्हणजे बॅगा भरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना शालनचा फोन वाजला. दादाची बायको, आमच्या वहिनी. त्यांचा आवाज असा की फोन स्पीकरवर टाकावा लागत नाही.

"शालन, त्या लिस्बनला साडी चालते ना गं? माझा पासपोर्ट आहे, लेकीच्या बालंतपनाला दुबईला गेले तेव्हाचा. यांचा काढायला टाकलाय. चालीस मानसांना चकल्या किती किलो करू?"

शालनने फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं.

"चाळीस?"

"अगं, ते नुसतं रेटसाठी."

"आणि दादा?"

"ते... रेटच्या नादात."

"म्हणजे मी तिकडे जाऊनसुद्धा वाढायचंच."

ओरडली असती तर परवडलं असतं हो! तिने सहलीची वही मिटली आणि फ्रिजवर ठेवून दिली. व्हिसाचे अर्ज त्याच आठवड्यात भरायचे होते. तेही वहीसोबत वर गेले.

मग मात्र मी बसलो आणि रोझाबाईला खरं लिहिलं. आम्ही दोघंच. बाकीचे अडतीस माझ्या तोंडातून निघाले होते. उत्तर आलं, "त्या संध्याकाळी मी एका वाढदिवसाची पार्टी नाकारली. तुम्ही दुकानदार ना? तुम्हाला तर कळायला हवं होतं."

बारा टेबलांची खानावळ. तिची एक संध्याकाळ फुकट जाणं म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कोणी समजवायची गरज नव्हती. मान वर होईना. शालनने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः लिहायला बसली. काय लिहिलं कोण जाणे! दोन बायका तासभर बोलत होत्या. शेवटी कळलं की वाढदिवसवाले परत यायला तयार झालेत. पाटी उतरवली आहे. खिडकीजवळचं दोघांचं टेबल आमच्यासाठी ठेवलंय, मूळच्या रेटने. "पण आई विचारतेय," रोझाबाईने लिहिलं, "ते बिनदातांचे आजोबा तरी खरे आहेत का?"

शालनने उत्तर दिलं, "तेवढे एकच खरे आहेत."

मग तिने वही फ्रिजवरून काढली आणि मला म्हणाली, "चला चांदीपला. दादांना तुमच्या तोंडाने सांगा."

अंगणात दादा खाटेवर बसला होता. मी सगळं सांगितलं.

"म्हनजे बिनदाताचा मी नव्हतोच?"

"होतास रे दादा. फक्त विमानात नव्हतास."

दादा इतका हसला की खाट कुरकुरली. "अरे येड्या, मला कशाला नेतोस? तिथं मी चावू काय? न्यायचं तर हिला ने. जनमभर सगल्यांचं झाल्यावर थंड जेवली ही."

वहिनी चुलीशी होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. शालन मात्र त्यांच्याकडे बघत होती.

"ताई, येता?" तिने विचारलं.

"मी? आनि चकल्या?"

"चकल्या नकोत. तुम्ही या."

मी मध्ये पडलो. "म्हणजे आपण तिघं झालो. मग मी तिघांचा रेट..."

"कसला रेट?" शालन म्हणाली. "टेबल दोघांचं आहे. ताई आणि मी. तुम्ही आलात तर तिथल्या ट्रामवाल्याकडे चाळीस तिकिटांचा भाव काढाल."

कालच फोटो आला. खिडकीजवळचं टेबल, दोघी समोरासमोर. वहिनींनी काटा बाजूला ठेवून हातानेच तारली सोलायला घेतलीय. शालन खुर्चीला टेकून बसलीय आणि रोझाबाई तिच्या ताटात वाढतेय. बायको इतकी निवांत बसलेली मी पहिल्यांदाच बघितली. खाली रोझाबाईने लिहिलंय, "साहेब, बाकीचे अडतीस कुठवर आले?"

इकडे दादा माझ्याकडे राहायला आलाय. त्याला भात मऊ लागतो, वरण पातळ लागतं आणि दर दहा मिनिटांनी पाणी लागतं. वाढतो कोण, ते विचारू नका.

आता तुम्ही बाहेर जाऊन हा किस्सा सांगणार, मला माहीत आहे. सांगा, माझी ना नाही. पण एक विनंती आहे, आकडा फुगवू नका. लिस्बनला गेल्या दोघी, जेवल्या दोघी, आणि दोन म्हातारे मागे राहिले. त्यातला एक दात नाहीत म्हणून राहिला, दुसरा अक्कल नाही म्हणून. एवढा हिशेब मात्र माझ्यासाठी प्रामाणिकपणे ठेवा.