सर्चकाका

सर्चकाका कुणालाही पहिल्या भेटीत नावगाव विचारत नसत. आमच्या अंगणात गाडी थांबून पाहुणे उतरले, की काका खुर्चीतून न उठता विचारायचे, "काय टाइप केलंत?" पाहुणे गोंधळत. एखादी बाई म्हणे, "अहो, आम्ही आगळ घ्यायला आलोय." "ते कळलं हो. पण आमच्यापर्यंत पोचलात कशा? शोधताना नेमके शब्द काय घातलेत?" मग ती बिचारी पर्समधून मोबाइल काढून दाखवायची आणि काका चष्मा कपाळावर चढवून तो वाचायचे. पाहुण्यांना पाणी द्यायला माई तांब्या घेऊन बाहेर यायच्या, पण त्यांनाही ही चौकशी संपेपर्यंत थांबावं लागे.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. पावस गावाच्या अलीकडे आमची बाग आहे, त्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं आहेत. रातांबे फोडायचे, मिठात घालून बरणीत ठेवायचे, रोज हलवायचे आणि सुटलेला रस गाळून घ्यायचा, हे माईंचं आगळ. त्यात पाण्याचा थेंब नाही, साखर नाही, रंग नाही. नवरा मुंबईला नोकरीत, म्हणून विक्रीचं मी बघायची. बघायची म्हणजे काय, बाटलीवर 'माईंचं आगळ' अशी चिठ्ठी डकवायची आणि कुणी दारात आलं तर द्यायची.

काका आमच्याच वाडीतले. सगळी नोकरी मुंबईत एका जाहिरात कंपनीत केली आणि ती बंद पडल्यावर घरी येऊन राहिले. एकदा आगळ न्यायला आले तेव्हा मी मोठ्या हौसेने त्यांना आमचं पेज दाखवलं. त्यावर माझ्या माहेरची माणसं सोडली तर चिटपाखरू नव्हतं. काका म्हणाले, "वैशाली, तू लिहिलंयस शुद्ध, पारंपरिक आगळ. शहरातल्या पोरीला आगळ हा शब्दच ठाऊक नाही, ती शोधणार कशी? ती शोधते, सोलकढी गुलाबी का होत नाही. तू त्याचं उत्तर दे. उत्तरात आगळ येतंच." मी उत्तर लिहिलं, त्यांनी ते चारदा खोडलं. थोड्याच दिवसांत पुण्याहून, नाशिकहून फोन यायला लागले. त्या आठवड्यात वाडीने त्यांचं नाव सर्चकाका ठेवलं.

मग त्यांनी व्हिडिओ काढायचं मनावर घेतलं. माई तयार होईनात. "माझं तोंड नको हो जगाला. हवं तर हात घ्या." काकांनी हातच घेतले. मागच्या पडवीत सकाळचं ऊन येतं तिथे माईंना बसवलं. रातांबा फोडणारे, मीठ पसरणारे, नारळाचं दूध पिळणारे ते हात. हिरव्या बांगड्या, अंगठ्याला रातांब्याचा न जाणारा डाग. लोकांनी खाली लिहिलं, आमच्या आईची आठवण झाली. माईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि त्या दिवशी काकांसाठी मुद्दाम घावणे घातले.

खरेपणाबद्दल काका भलते कडक होते. एकदा एका गिऱ्हाइकाची बाटली वाटेत गळली. त्याने पेजवर चिडून लिहिलं, आणि मी कुरिअरवाल्यावर ढकलून मोकळी होणार होते. काकांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. "झाकण कुणी लावलं? आपण. मग आपली चूक म्हणून लिही, सगळ्यांना दिसेल असं लिही. खोटं लिहायचं असेल तर मी उद्यापासून येत नाही." मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. माझे वडील लवकर गेले, आणि असं हक्काने रागावणारं माणूस मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

पेज, नकाशावरची नोंद, सगळं काकाच बघत. मधूनच पडवीतून हाक यायची, "वैशाली, ओटीपी आला का गो?" मी भाकरी थापता थापता आतून आकडे ओरडायची. आमच्यात घरात जेवलेल्या माणसाला 'हे कशासाठी?' असं विचारत नाहीत. विचारलं तर त्याचा अपमान होतो. त्यामुळे मी कधी विचारलं नाही.

यंदा ऐन हंगामात फोन येईनासे झाले. मला वाटलं, रेंज गेली असेल. काकाही बऱ्याच दिवसांत फिरकले नव्हते. मग आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "वैशालीताई, राग मानू नका, पण या वेळचं आगळ गोड लागतंय. आणि नुसत्या रंगाने हात लाल होतात हो." या वेळी आम्ही त्यांना बाटली पाठवलीच नव्हती. मी सर्च करून पाहिलं. 'माईंचं आगळ' सगळ्यात वर होतं. फोटो आमच्या पडवीचे, खाली आमच्याच गिऱ्हाइकांचे शब्द. नंबर मात्र दुसरा, आणि पत्ता संगमेश्वरकडच्या हायवेवरच्या एका मोठ्या दुकानाचा. होळीच्या सुमारास काकांनी मागितलेला ओटीपी मला आठवला. तोही मी चुलीपासून ओरडून सांगितला होता.

मी तशीच एसटीने त्या दुकानात गेले. काका गल्ल्याशेजारी बसले होते. मला पाहून दचकले नाहीत, उलट सरबत मागवलं. मी म्हटलं, "काका, नाव माईंचं आहे. हात माईंचे आहेत. आणि बाटलीत साखर नि रंग?"

"अगो, एवढी मागणी तुम्हाला पुरवता आली असती का? हे लोक पुरवतात."

"मग तुमच्या नावाने विका."

"पेज मी वाढवलं, वैशाली. आगळ घरोघर होतं. लोक तुमच्या आगळासाठी नाही आले, माझ्या शब्दांसाठी आले."

आवाज जराही चढला नव्हता. मला शिकवताना असायचा तोच आवाज होता, आणि त्यानेच मला जास्त लागलं. सरबत तसंच ठेवून मी निघाले.

पेजवाल्या कंपनीकडे तक्रार केली, तर उत्तर आलं की पेज ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच अर्ज करावा. आणि त्या ओटीपीनिशी सगळं काकांच्या नावावर झालेलं. आता मी नवीन पेज काढलंय. लिहायला बसले की काकांचेच शब्द सुचतात. त्यांनी शिकवलेलं टाकून द्यावं म्हटलं, तर मला दुसरं काही येत नाही. त्यांचा संताप येतो आणि घावणे घातले की त्यांची आठवणही येते. या दोन्हीचं काय करायचं, मला समजत नाही.

माईंना मी खरं सांगितलं नव्हतं. काका आपल्या मुलीकडे गेलेत, एवढंच म्हटलं होतं. पण माई दुपारी आपल्या मोबाइलवर तो हातांचा व्हिडिओ लावून बसत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. परवा त्यांनी मला हाक मारली. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'ही म्हातारी लोकांना रंगाचं पाणी विकते.'

"हे पूस गो," माई म्हणाल्या.

"मला नाही पुसता येत, माई."

"मग काकांना फोन लाव. त्यांच्यासमोर घातलंय मी मीठ. ते सांगतील ना लोकांना."

मग मला सगळं सांगावं लागलं. व्हिडिओ चालूच होता. माईंनी मोबाइल पालथा ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"त्यांना म्हणावं, नाव राहू दे तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "माझे हात तेवढे काढा तिथून."

मी काकांना तसा निरोप पाठवला. त्यांनी तो वाचल्याचं दिसतं. हात अजून तिथेच आहेत.