प्रज्ञानं लिहिलेली कुलपं

फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात पोरांची प्रॅक्टिकलची परीक्षा घेत होते. प्रज्ञाचा भाऊ संदीप बोलत होता, नांदेडच्या दवाखान्यातून. "वैशालीताई, ताई गेली." मी विचारलं, कुठं गेली? ...अशा वेळी माणूस किती बावळट होतो! सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, पाणी मागितलं, आणि आई पाणी घेऊन येईपर्यंत ती खाली कोसळलेली होती. मेंदूत रक्तस्राव. वसमतहून नांदेडला नेईपर्यंत डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. फोन ठेवला आणि मी समोरच्या पोराला पुढचा प्रश्न विचारला. कोणता विचारला, ते आता आठवत नाही.

संध्याकाळी आमच्या पुण्यातल्या जुन्या कंपनीच्या ग्रुपवर फुलांची चित्रं आणि जोडलेले हात सुरू झाले. 'एक हुशार सहकारी हरपली.' हरपली म्हणे! हाकललीत की तुम्ही तिला! डोकं असं तापलं की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. आता महिना उलटून गेला तरी राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसले. ज्यांना गोड गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी पान उलटावं, माझी हरकत नाही.

प्रज्ञा वसमतची, मी सेनगावकडच्या खेड्यातली. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायला आलो. तिचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना ते वारले, आणि पुढचं सगळं तिच्या आईनं निभावलं. त्यांना मी मावशी म्हणते. प्रज्ञा मोठ्यानं हसायची, बेसूर गायची, जेवताना ठेचा नसला तर चिडायची. पण समोरचा माणूस गोलगोल बोलायला लागला की तिला सहन व्हायचं नाही. "थांब, बराबर सांग," असं ती सरांनासुद्धा म्हणायची. सर चिडायचे आणि मग बराबर सांगायचे. तिचा स्वभावच तो, त्यात उद्धटपणा नव्हता. गोष्ट नीट लागल्याशिवाय तिच्या जिवाला चैनच पडायची नाही.

एकदा हिवाळ्यात ती आमच्या गावी आली होती. आमची विहीर सामाईक, माझे दोन्ही काका तिच्यातले हिस्सेदार. मोटरच्या पेटीला कुलूप, त्याची चावी एकच, आणि स्प्रिंकलरचे पाइपही दोघांत एकच जोड. त्या दिवशी धाकट्या काकांनी सकाळीच पाइप आपल्या रानात नेऊन टाकले, आणि तिकडे मोठ्या काकांनी चावी खिशात घातली. मोठे काका म्हणाले, "आधी पाइप आणून टाक, मंग चावी देतो." धाकटे म्हणाले, "आधी चावी दे, मंग पाइप." दोघंही बांधावर हाताची घडी घालून उभे. दिवसाची लाईट आली तशी गेली, आणि दोघांचाही हरभरा कोरडाच राहिला. प्रज्ञा पोट धरून हसली. मग सरळ मोठ्या काकांपुढं जाऊन उभी राहिली.

"काका, एक नियम करा. ज्याला पानी द्यायचंय त्यानं आधी चावी घ्यायची. चावी हातात असल्याबिगर पाइपाला हातच न्हाई लावायचा. मंग कोनीच अडकनार न्हाई."

काकांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "तुमचं आडनाव काय म्हनलात?"

तिनं सांगितलं. काका माझ्याकडं वळले. "पोरीला घरी घेऊन जाय, उन्हात काहून उभी करून राहिली?"

तिला कळायचं ते कळलं, मलाही कळलं. वाटेत ती गाणं म्हणत चालली आणि मी मान खाली घालून. पुढच्या हंगामात आमच्या विहिरीवर बरोबर तोच नियम लागू झाला होता, मात्र तो 'मोठ्या काकांनी काढलेला' होता. नियम कुणाचा ते मी त्यांना तोंडावर म्हटलं, तर हसले आणि तंबाखू मळत राहिले. प्रज्ञाला सांगितलं तर म्हणाली, "हरभऱ्याला पाणी मिळालं ना? झालं तर." तिला वाईट वाटलंच नसेल असं नाही. पण काम नीट झालं की नावाचा विषय ती पुढं काढायची नाही, आणि लोकांनी याचाच फायदा घेतला.

पुढं पुण्यात आम्ही दोघी एकाच कंपनीत लागलो. तिथलं तिचं काम इथं सांगितलंच पाहिजे, कारण तिच्यावर जे आलं ते त्या कामातूनच आलं. आमची कंपनी ट्रॅव्हल्सच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर करायची. आता बघा, एकाच सीटवर दोन गावांतल्या दोन माणसांचं बोट एकाच वेळी पडतं. तेव्हा त्या सीटला क्षणभर कुलूप लावायचं, पहिल्याचं काम होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. नाहीतर एका सीटवर दोन पॅसेंजर आणि बसमध्ये मारामारी. हे कुलूप लावणं-काढणं प्रत्येक प्रोग्रॅमरच्या भरवशावर सोडलं तर कुणीतरी विसरतोच. म्हणून प्रोग्रॅम चालू असताना त्याच्या खाली राहून हे सगळं सांभाळणारी एक यंत्रणा असते, तिला आम्ही रनटाइम म्हणतो. त्या रनटाइममधली कुलपं प्रज्ञानं लिहिली, एकटीनं. कुलूप मागायला एकच जण आला असेल तर नुसती खूण करून भागवायचं, दुसरा आला तरच रांग लावायची, म्हणजे उगीच वेळ जात नाही. ती कुलपं इतकी हलकी चालायची की आहेत असं कळायचंसुद्धा नाही.

पण कुलपं आली की आमच्या विहिरीवरचं भांडणही आलं. एक काम सीटला कुलूप लावून पॅसेंजरच्या खात्याची वाट बघतं, दुसरं खात्याला कुलूप लावून सीटची वाट बघतं, आणि दोन्ही जन्मभर तशीच उभी. म्हणून प्रज्ञानं क्रम ठरवून दिला होता, आधी सीट, मग खातं. आणि कुणी उलट्या क्रमानं मागितलं तर तिथल्या तिथं ओरडणारा एक पहारा रनटाइममध्येच बसवला होता. तो पहारा चालू असला की सॉफ्टवेअर जरासं मंद व्हायचं, नखभर. तेवढं आमच्या मॅनेजरच्या डोळ्यांत खुपायला लागलं. एक मोठं गिऱ्हाईक बघायला येणार होतं, त्याच्यापुढं सॉफ्टवेअर पळताना दिसायला हवं होतं.

"पहारा काढून टाक," तो भर मीटिंगमध्ये म्हणाला. मी तिथंच बसले होते.

"नाही काढणार, सर. नवीन पोरांनी लिहिलेल्या भागात उलटा क्रम आहे. पहारा रोज ओरडतोय. आधी तो भाग दुरुस्त करा, मग खुशाल काढा."

"अडकलं तर बघू."

"अडकलं तर बघायला काही उरत नाही, सर. ते आपोआप सुटत नसतं."

त्यानं तिच्या माघारी दुसऱ्याकडून पहारा बंद करून घेतला. गिऱ्हाईक आलं, समोर बसलं, चहा आला, आणि पडदा गोठला. कुणी बटणं दाबली, कुणी हसण्यावारी नेलं, पण गिऱ्हाईक उठून गेलं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत निकाल लागला: कुलपं प्रज्ञाची, अडकलं कुलपांत, म्हणजे चूक प्रज्ञाची. पहाऱ्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. मी उभी राहून बोलले, तर म्हणे, मैत्रिणीची बाजू घेणारच तुम्ही. बाकीचे मीटिंगला हजर होते ना? त्यांनी कानांवर हात ठेवले. घराचे हप्ते होते त्यांना, लेकरं होती... असतील. प्रज्ञालाही आई होती.

तिनं राजीनामा दिला. चार महिन्यांनी मीही दिला. माझं निभावलं, मला इकडं शिकवायची नोकरी मिळाली. तिला मात्र पुण्यात कुणी दारात उभं केलं नाही. मुलाखत छान व्हायची, मग ते लोक जुन्या मॅनेजरला फोन लावायचे, आणि मग काहीच कळायचं नाही. शेवटी ती वसमतला परतली. घरात बसून परदेशातल्या लोकांचे प्रोग्रॅम तपासून द्यायची, त्यावर घर चालायचं, भावाचं शिक्षणही झालं. गल्लीत लोक विचारायचे, "पुन्याहून काहून आली गं?" आणि कुणीतरी हळूच सांगायचं की काहीतरी मोठी चूक केली म्हणे, काढून टाकलं. मावशींच्या कानावर हे यायचंच.

मी तिला म्हणायचे, सोड आता, कुत्र्यांनी भुंकावं. तर ती म्हणायची, "वैशे, मला पैसा नको, नोकरी नको. त्यातल्या एकानं एकदा तोंडानं बराबर सांगावं की चूक हिची नव्हती. आईला ऐकू जाईल असं. बस." दर दिवाळीला ती त्या मॅनेजरला एक ओळ पाठवायची, तुम्ही खरं कधी सांगणार? आणि तो उलट शुभेच्छा पाठवायचा. इतका निगरगट्ट माणूस मी पाहिला नाही. शेवटच्या भेटीतही, दिवाळी नुकतीच झाली होती तेव्हा, तिनं मला फोन दाखवला. त्यानं फटाक्याचं हलतं चित्र पाठवलं होतं. ती हसली, पण ते तिचं नेहमीचं हसणं नव्हतं.

गेल्या रविवारी मी वसमतला गेले होते. मावशी टीव्हीसमोर बसल्या होत्या. दुपारचे तीन वाजले तसा त्यांनी रिमोट घेऊन आवाज बारीक केला, इतका की माणसांचे नुसते ओठ हलत होते. तीनला प्रज्ञाची परदेशातल्या लोकांशी बोलायची वेळ व्हायची, पलीकडच्या खोलीत. इतकी वर्षं त्यांनी तीनला टीव्ही बारीक केला. "मालूम आहे गं मला," माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या. "पन हातच जातो."

आम्ही अशा बसलेल्या असताना माझा फोन वाजला. तोच, आमचा मॅनेजर. आधी दुःख वगैरे झालं. मग हळूच मुद्द्यावर आला. सॉफ्टवेअर पुन्हा अडकायला लागलंय, प्रज्ञानं लिहिलेली ती कुलपं तिथं कुणालाच उलगडत नाहीत, मला तिनं कधी समजावून सांगितली होती का? तिची काही टिपणं घरी असतील का? मी फोन स्पीकरवर टाकला आणि मावशींच्या समोर टेबलावर ठेवला.

"सर, आधी एक सांगा. त्या दिवशी चूक कुणाची होती?"

तो म्हणाला, "आता काय लपवायचं, वैशाली... तिची नव्हती. पहारा आम्हीच बंद केला होता. तेव्हाच माहीत होतं सगळ्यांना."

मावशी फोनकडं वाकल्या. "तवाच मालूम होतं तुमाला?"

"कोण... आई का? हो आई. खूप हुशार होती तुमची मुलगी."

"मंग माही लेक जिती होती तवा काहून न्हाई बोललात?"

"आई, तेव्हा परिस्थितीच तशी होती, तुम्ही समजून घ्या..."

मावशींनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवत गेल्या, वाढवत गेल्या, पार शेवटपर्यंत. प्रज्ञाची तीनची वेळ अजून सरली नव्हती. टेबलावरचा फोन हॅलो, हॅलो करत राहिला, आणि आम्हा दोघींपैकी कुणीही त्याला हात लावला नाही.